दुमडीतली माया

निळ्या दाराचे ते शिवणकामाचे दुकान दोघी बहिणींचे होते. थोरली कापायची, धाकटी मशीन चालवायची, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडले की दोघी मिळून त्याला नावे ठेवायच्या. दोघींनी लग्ने केली नव्हती. का केली नाहीत याची कारणे धाकटीकडे भरपूर होती आणि ती दर वेळी नवीन सांगायची. थोरली एकच सांगायची, की वेळ मिळाला नाही.

थोरलीच्या हातच्या कपड्याची एक ओळख होती. आत माया फार. माया म्हणजे शिवणीच्या आत आणि खालच्या दुमडीत जे जास्तीचे कापड सोडतात ते. पुढे अंग भरले, उंची वाढली, की उसवून कपडा सैल करता येतो, लांब करता येतो. तयार कपड्यांत माया नावालाच असते. थोरली मात्र बोटभर पुरे म्हटले तरी चार बोटे सोडायची. समोरचा घड्याळजी तिला चिडवायचा की बाई, तुमच्या एका पँटीतून दुसरी निघेल. ती म्हणायची, निघू दे की, तुमच्या नातवाला होईल.

दर बुधवारी संध्याकाळी दुकान बंद झाले की कापायचे टेबल मोकळे करून त्याच्याभोवती प्रार्थना व्हायची. घड्याळजीची बायको यायची, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाई यायच्या, चर्चच्या पाळकांच्या आई यायच्या. पाळकांच्या आईंना ऐकू कमी येत असे, त्यामुळे सगळ्यांचे आमेन म्हणून झाल्यावर काही वेळाने त्यांचे एकटीचे यायचे. धाकटी म्हणायची, बरंय, देवाला पोच मिळते.

त्या टेबलावर गावातल्या आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, रुसलेल्या सुनांची नावे निघायची. पण शेवटची प्रार्थना थोरलीची, आणि ती नेहमी एकाच तऱ्हेच्या लोकांसाठी. लढाईने घराबाहेर पडलेल्या माणसांसाठी, त्यांच्या लेकरांसाठी. ही वहिवाट तिच्या आईपासूनची.

दुकान मुळात त्यांचे नव्हतेच. एका जुन्या लढाईत, जी आता शाळेतल्या मुलांना परीक्षेपुरती लागते, दोघी बहिणी आईबरोबर या गावात आल्या होत्या. थोरली आईचे बोट धरून, धाकटी कडेवर. त्यांना आसरा दिला तो या दुकानाच्या मालकिणीने. शिंपीणकाकू म्हणायचे तिला सगळे. काकूने आल्या आल्या थोरलीला पडद्याच्या कापडाचा फ्रॉक शिवला. हिरव्या वेली होत्या त्याच्यावर. आईने तो फ्रॉक हातात घेतला, उलटा केला, दुमडीतली माया पाहिली, आणि तिचा चेहराच बदलला. तिने काकूकडे कात्री मागितली आणि ती सगळी माया कापून टाकली.

"माझी मुलगी इथे वाढायची नाही," ती म्हणाली. "ती घरी जाऊन वाढेल."

 कापलेली पट्टी उचलून काकूने बटणांच्या डब्यात ठेवली. पुढच्या वर्षी थोरलीचे गुडघे उघडे पडायला लागले तेव्हा तीच पट्टी खालून जोडून दिली. जोड दिसायचा. इतक्या वर्षांनीही थोरलीने डोळे मिटले की त्या वेली तिला दिसत, आणि एका रेषेवर सगळ्या वेलींचे देठ तुटलेले दिसत.

आई पुढे त्याच काकूच्या हाताखाली शिवण शिकली, त्याच टेबलावर तिने मुलींना वाढवले, आणि डोळे मिटेपर्यंत दर बुधवारी एकच मागत राहिली, की देवा, आम्हाला घरी जाऊ दे. गेली नाही ती. गावच उरले नव्हते जायला. पण थोरलीच्या लेखी माणसासाठी देवाजवळ मागण्यासारखी याहून मोठी गोष्ट नव्हती. आईला जे मिळाले नाही ते निदान दुसऱ्या कुणाच्या आईला मिळावे, म्हणून ती तेच शब्द तसेच पुढे चालवत आली होती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी पाळक एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन दुकानात आले. नव्या लढाईतून आलेली माणसे. वरची खोली रिकामी आहे का, पाळकांनी विचारले. खोलीत जुन्या कापडांचे ढीग होते, उंदीर होते, कपडे चढवून बघायची माणसाएवढी एक मोडकी शिवण-बाहुली होती. थोरली म्हणाली, रिकामी आहे. धाकटीने तिच्याकडे पाहिले आणि केरसुणी घेऊन वर गेली.

बाईला त्या दोघी वरची म्हणायला लागल्या, कारण ती वर राहायची. तान्ह्या मुलाचे नाव पडले गाठोडे, कारण तो कायम कशात तरी गुंडाळलेला असायचा. आणि मुलीचे नाव पडले वकीलबाई. दहा-अकरा वर्षांची असेल. तिने या गावची भाषा इतक्या झपाट्याने उचलली की आईच्या वतीने पाववाल्याशी, शाळेच्या बाईंशी, दवाखान्यातल्या माणसाशी तीच भांडायची. आई हळू आवाजात एक वाक्य बोलायची आणि वकीलबाई त्याची चार करून समोरच्याला द्यायची. त्यातली तीन तिची स्वतःची असणार, असे धाकटीचे मत होते.

वरचीचा नवरा मागे राहिला होता. तो बसचा ड्रायव्हर. म्हातारी माणसे आणि आजारी माणसे बाहेर काढायला गाड्या चालवत होता. शेवटचा फोन आला तेव्हा वरचीने त्याला दुकानाचा पत्ता सांगितला होता, गावाचे नाव, घड्याळजीचे दुकान, समोर निळे दार. तो म्हणाला होता, तिथून हलू नकोस, मी निळ्या दाराशीच येईन. त्यानंतर फोन लागला नव्हता. तो होता की नव्हता, कुणाला माहीत नव्हते. पण होता तर तो याच दाराशी येणार होता. दुसरा पत्ता त्याच्यापाशी नव्हता.

सुरुवातीला वरची प्रार्थनेला खाली येत नसे. तिचा देव कोणता, हे दोघींनी विचारले नव्हते. बसायचे तर बस, नाहीतर वर आराम कर, असा मामला. एका बुधवारी मात्र ती गाठोड्याला घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली. वकीलबाई तिच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्य सांगत होती. थोरलीला इतके बरे वाटले की त्या दिवशी तिच्या प्रार्थनेला धार आली.

"परमेश्वरा," ती म्हणाली, "वरच्या खोलीतल्या या लेकरांना लवकर जाऊ दे. इथे राहायची पाळी त्यांच्यावर फार दिवस येऊ देऊ नकोस. जाऊ दे त्यांना, प्रभू. तू मनात आणलंस तर उद्यासुद्धा जातील."

"लवकर, प्रभू, लवकर," घड्याळजीची बायको अगदी पोटातून म्हणाली.

सगळ्यांनी आमेन म्हटले. जिन्याच्या पायरीवरून वरचीनेही म्हटले. मागाहून पाळकांच्या आईंचे आले. वरची उठली, सगळ्यांना मान लववून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी दुकान उघडायला गेली तर कापायच्या टेबलावर दोघी बहिणींनी वर दिलेली भांडी घासून, पुसून, पालथी मांडून ठेवलेली. शेजारी धुतलेल्या चादरींच्या घड्या. घडीवर घडी इतकी बेतशीर की इस्त्री केल्यासारखी. त्यांच्यावर थोरलीने मुलीसाठी शिवत आणून मापाला वर दिलेला गरम कोट, अजून कच्च्या टाक्यांतला, तोही परत.

"ताई," धाकटी म्हणाली, "हे काही मला बरं दिसत नाही."

थोरली जिना चढून गेली. गुडघे दुखत असूनही चढली. वर खोली झाडून लख्ख. तीन पिशव्या बांधून दाराशी ठेवलेल्या. वरची गाठोड्याचे पाय लोकरीच्या मोज्यांत कोंबत होती. वकीलबाई खिडकीत उभी होती, आणि तिचा चेहरा खटला हरलेल्या माणसाचा नव्हता, खटला मागे घेतलेल्याचा होता.

थोरलीने विचारले, हे काय चाललंय. मुलीने आईकडे पाहिले, आईने मान हलवली.

"उद्या दुपारी छावणीची बस जाते," वकीलबाई म्हणाली. "सीमेजवळच्या. आम्ही जातोय. तुम्ही देवाकडे मागितलंत ना, आम्ही जावं म्हणून. आई म्हणते, देव कामात असेल, म्हणून आपण आपणहून जाऊ. तुम्ही चांगल्या आहात, असंही म्हणते ती. तोंडावर सांगितलं नाहीत."

थोरलीला क्षणभर कळेनाच. मग कळले, आणि तिने मोडक्या शिवण-बाहुलीचा आधार घेतला.

तिने समजावून सांगितले. जाऊ दे म्हणजे तुमच्या घरी जाऊ दे. सुखरूप. लढाई संपू दे असा अर्थ. मुलीने सगळे आईला सांगितले. या वेळी एकाचे चार केले नाही, जसेच्या तसे सांगितले. वरची ऐकत होती, मान डोलवत होती, हसतही होती. पण त्यातले काहीही ती मानत नव्हती, हे त्या हसण्यातच दिसत होते. मग मुलीकडून कळले की याआधी त्या एका मोठ्या घरात राहिल्या होत्या. त्या घरची मालकीणही रोज म्हणायची, तुम्ही लवकर आपल्या घरी जाल बरं का. गोड हसून म्हणायची. एक दिवस त्या गाठोड्याला फिरवून परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशव्या दाराबाहेर होत्या. तेव्हापासून वरचीने एक गोष्ट मनाशी बांधली होती, की कुणी हे वाक्य बोलायला लागले की आपणच पिशव्या भरायच्या. भरलेल्या पाहायच्या नाहीत.

"अगं पण तुझा बाबा इथे येणार ना?" थोरली मुलीला म्हणाली. "निळ्या दाराशी. तो आला आणि तुम्ही नसलात तर?"

वकीलबाईने हे आईला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती, वरचीला तेवढे शब्द कळत होते. तिने मोजे चढवणे थांबवले. मग पुन्हा चढवू लागली.

"आई म्हणते, छावणीत भोंग्यावर नावं पुकारतात," मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि मोठी आजी, तुमचं कसं काय खरं धरायचं? तुम्ही दुकानातून निघताना 'येते' म्हणता आणि जाता. घड्याळवाल्या आजी 'येते हं' म्हणतात आणि जातात. कुणी निघालं की तुम्ही त्याला 'या' म्हणता. इथे जाण्याला येणं म्हणतात. आणि आम्हालाच फक्त 'जाऊ दे' म्हणता. मग आम्ही काय समजायचं?"

 साठ-पासष्ट वर्षे थोरली ही भाषा बोलत होती, लहानपणी तीही अशीच पायरीवर बसून ती शिकली होती, आणि हे तिच्या कधी ध्यानात आले नव्हते. खरेच, आपल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. जा म्हणतात ते नको असलेल्याला.

ती खाली आली ती तडक टेबलाशी गेली आणि कोट पुढ्यात ओढला.

"दुकान बंद कर," ती धाकटीला म्हणाली.

"बंद? नवरीकडचे यायचेत ब्लाउज न्यायला."

"त्यांना म्हणावं, लग्न पुढे ढकला."

धाकटीने दार लोटले, पण बंद राहणार कसे? घड्याळजीच्या बायकोने काचेतून सगळे पाहिले होते, ती आली. वाटेत तिने नर्सबाईंना बोलावले. नर्सबाई पाळकांच्या आईंना हात धरून घेऊन आल्या. काय झाले ते धाकटीने सांगितले तेव्हा घड्याळजीच्या बायकोने तोंडावर पदर धरला. काल लवकर लवकर म्हणणारी तीच होती.

मग टेबलाभोवती जो वाद माजला तो एखाद्या कोर्टात शोभला असता. घड्याळजीची बायको म्हणाली, आता उलटी प्रार्थना करू, त्या इथेच राहोत अशी. नर्सबाई म्हणाल्या, म्हणजे लढाई चालूच राहू दे असं मागायचं का देवाकडे? मग जाऊ दे म्हणू नका आणि राहू दे म्हणू नका, घड्याळजीची बायको म्हणाली, नुसतं बरं कर म्हणा. नर्सबाई म्हणाल्या, बरं कर म्हणायला त्यांना ताप आलाय का? पाळकांच्या आईंनी इतका वेळ कशाची तरी वाट पाहून शेवटी आमेन म्हणून टाकले.

थोरली कोट शिवत होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

"ताई, तू बोल की काहीतरी," धाकटी म्हणाली.

"बोलून झालं माझं. बोलण्यावर तिचा विश्वास नाही, आणि तिचं चुकलेलं नाही. मला आता हा संपवू दे."

कोट निळ्या जाड लोकरीचा होता. बाह्या आतून दुमडलेल्या, घेर आतून दुमडलेला. थोरलीने कापतानाच ठरवले होते की पोरगी वाढीला लागली आहे, तर हा दर हिवाळ्याला एकेक दुमड सोडत नेता येईल असा करायचा. आता हात चालताना मात्र पडद्याच्या कापडाचा तो फ्रॉक तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्या आईला ही माया पाहून काय वाटले होते? इथेच अडकून पडणार, असे. वरचीलाही तेच वाटले तर? एक बाई शब्दाने दुखावली ती आपण कापडाने आणखी दुखावणार. तिला वाटले, घेर उसवून साधी बोटभर दुमड घालावी. हातातली सुई थांबली. मग ती स्वतःशीच म्हणाली की नाही, मी माया सोडूनच शिवते. मला दुसरं शिवता येत नाही. तिला कापायची तर तिने कापावी. खोटं बेतून देणार नाही.

दिवे लागायच्या वेळी कोट झाला. थोरलीने तो इस्त्री केला आणि धाकटीला बरोबर न घेता वर नेला.

मुलीने आईकडे बघत बघत घातला. खांद्यात बरोबर बसला. बाहीच्या टोकातून बोटे दिसत होती, तेवढीच दिसायला हवी होती. वरचीने तिला वळवले, पाठ पाहिली, आणि मग मुलांच्या आया पाहतात तसा घेर उलटा करून पाहिला. तिचा हात थांबला. तिने दुमड बोटांत धरली. तिच्या आत दुसरी होती. दुसरीच्या आत तिसरी.

ती मुलीला काहीतरी म्हणाली.

"आई विचारते, इतकं कापड आत का?"

"माया आहे ती," थोरली म्हणाली. "तू वाढशील ना. यंदा एवढा पुरेल. पुढच्या हिवाळ्यात एक दुमड सोडायची. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी एक."

"माया म्हणजे?" वकीलबाईने कपाळाला आठी घातली. "छोटी आजी गाठोड्याचा मुका घेते तेव्हा म्हणते, फार माया आहे गं याच्यावर. ती माया?"

"ती वेगळी. ही कापडाची."

"शब्द तोच आहे."

"शब्द तोच आहे," थोरलीने कबूल केले.

मुलीने ते आईला सांगायला बराच वेळ घेतला. दोन शब्द होते तिच्या भाषेत बहुतेक, आणि ते एकापुढे एक ठेवून तिला दाखवावे लागले. वरची ऐकत होती, बोटे दुमडीवरच होती. मग तिने मान वर केली, थोरलीकडे पाहिले आणि या गावच्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने, एकच शब्द म्हणाली.

"कात्री."

 कात्री थोरलीच्या गळ्यात नाडीला अडकवलेलीच असायची. तिने ती काढली आणि दांडा पुढे करून वरचीच्या हातात दिली. शिंपीणकाकूने दिली असेल तशीच.  मग मागे सरली.

वरचीने दुमड उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि घाईघाईत राहून गेलेला कच्च्या टाक्यांचा एक पांढरा धागा कात्रीच्या टोकाने अलगद कापून ओढून काढला. मग दुमड पूर्ववत बसवली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि कात्री परत दिली.

पिशव्या मात्र दाराशीच होत्या. 

शुक्रवारी दुपारी, बसच्या वेळेला, वरची जिना उतरली. गाठोडे छातीशी बांधलेले, हातात तीनपैकी एक पिशवी, मागे नवा कोट घातलेली वकीलबाई. धाकटीचे मशीन बंद पडले. वरची दुकानातून दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली, वळली आणि स्पष्ट, जोर देऊन, जणू पाठ करून आल्यासारखी म्हणाली,

"येते."

आणि गेली. निळे दार मागे लागले.

"ताई, ती गेली," धाकटी म्हणाली.  "अगं ऊठ, स्टँडवर जाऊ. नर्सबाईंना बोलावते, चौघी मिळून अडवू."

"बस खाली."

"पिशवी घेऊन गेली ती!"

"एक नेलीय. ती काय म्हणाली ऐकलंस ना?"

"तिला काय कळतंय येते म्हणजे काय ते? तिला वाटत असेल निघताना एवढंच म्हणायचं असतं. सगळे तेच म्हणतात आणि जातात, पोरगी म्हणालीच होती की."

थोरलीलाही तीच भीती होती. पण तिने टेबलावर नवरीच्या ब्लाउजचे कापड अंथरले, खडू घेतला आणि रेघ मारली. रेघ वाकडी आली. ती पुसून दुसरी मारली. ती म्हणाली, तिला आजवर दर ठिकाणी दुसऱ्यांनीच उचललंय आणि ठेवलंय. आता मी हात धरून आणली तर मीही त्यांतलीच. तिचं तिने ठरवू दे. धाकटी म्हणाली, आणि बस सुटली म्हणजे? थोरली म्हणाली, तर मी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत या दारात बसेन आणि तो बसवाला आला की त्याला छावणीचा रस्ता दाखवायला स्वतः जाईन. गुडघ्यांसकट.  धाकटीने डोळे पुसले आणि दोरा ओवायला घेतला, आणि तो काही केल्या सुईत जाईना.

थोरली मनात प्रार्थना करायला गेली तर शब्दच सापडेनात. जाऊ दे म्हणता येईना, राहू दे म्हणता येईना. प्रभू, तिने येते म्हटलंय, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिने म्हटलंय, आता तू बघ.

स्टँडच्या बाजूने बसचा भोंगा ऐकू आला, मग मोठ्या इंजिनाची घरघर, मग ती घरघर लांब जाऊन विरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. घड्याळजी आपल्या दुकानाबाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभा होता, तो तसाच उभा राहिला.

मग त्याने हात वर केला. कुणाला तरी ओळखीचा हात करतात तसा.

दार उघडले. वरची आत आली. गालांना थंडी झोंबून लाल झालेले, हातात रिकाम्या पिशवीची घडी. गाठोडे झोपलेले. वकीलबाई मात्र बोलायला फुटत होती.

गाठोड्याला लहान झालेले कपडे त्यांनी छावणीतल्या बाळांसाठी बसमधल्या बाईकडे दिले होते. त्यांच्या जागा एका आजीला आणि तिच्या नातीला दिल्या होत्या. आणि जितकी माणसे बसमध्ये चढली त्या प्रत्येकाला वरचीने निळ्या दाराचा पत्ता तोंडपाठ म्हणायला लावला होता. छावणीत भोंग्यावर पुकारायला सांगा, म्हणाली होती. ड्रायव्हर कुणी भेटला तर हटकून सांगा, ड्रायव्हर एकमेकांना ओळखतात. एका आजोबांना घड्याळजीच्या जागी पाववाला आठवत होता, त्यांच्याकडून बस सुटेपर्यंत घोकून घेतले.

"आणि आई विचारते," वकीलबाई शेवटी म्हणाली, "तिने 'येते' बरोबर म्हटलं का?"

"अगदी बरोबर," थोरली म्हणाली.  धाकटी तिला म्हणाली, बघ, मी म्हणत होतेच ती येईल म्हणून. थोरलीने तिच्याकडे असे पाहिले की ती चहा ठेवायला उठली.

पुढच्या बुधवारी टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या. वरची आता पायरीवर बसली नाही, टेबलाशी बसली. थोरलीची पाळी आली तेव्हा सगळ्या जणी डोळे मिटायच्या ऐवजी तिच्याच तोंडाकडे बघत होत्या, ही आता काय म्हणते म्हणून. इतक्या वर्षांचे आईचे शब्द सोडून द्यायचे तिच्या जिवावर आले होते. तिने ते सोडले नाहीत. त्यांना खाली दुमड जोडली.

"परमेश्वरा," ती म्हणाली, "लढाईने घराबाहेर पडलेली लेकरं घाईने निघाली. उंबऱ्यावर थांबून 'येतो' म्हणायला त्यांना कुणी वेळ दिला नाही. 'या' म्हणायला दारात कुणी उरलं नव्हतं. प्रभू, त्यांना घरी जाऊ दे. पण जाताना प्रत्येकाला 'येतो' म्हणता येईल असं एक दार आमच्याकडे राहू दे. आणि जे अजून वाटेवर आहेत, त्यांना दार सापडू दे. निळं आहे."

वकीलबाई आईच्या कानात सांगत होती. सांगून झाल्यावर वरचीने टेबलावर थोरलीच्या कात्रीशेजारी आपला हात ठेवला आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी मागितले. त्यात नवऱ्याचे नाव येत होते, ते सगळ्यांना कळले. मुलीने बाकीचे कुणाला उलगडून सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

सगळ्यांनी आमेन म्हटले. मग सगळ्या गप्प बसून राहिल्या, पाळकांच्या आईंचे यायचे होते.

ते आले, तेव्हा धाकटी उठली आणि दाराबाहेरचा दिवा लावून आली. त्या दिवसापासून तो दिवा संध्याकाळ झाली की लागतो. निळा रंग लांबून ओळखू यावा म्हणून घड्याळजीने त्याच्यात मोठा बल्ब घालून दिला आहे, आणि वकीलबाईच्या कोटाची पहिली दुमड सोडायची वेळ आता जवळ आली आहे.